एक ते तीन वर्षांच्या मुलांचं रोजचं जेवण: आधी घड्याळ, मग वाटी

माझी लेक दीड वर्षाची असताना तिचं हिमोग्लोबिन ८.६ आलं, म्हणजे बरंच कमी. अंगाने बरी, दिवसभर घरभर पळणारी, वजनही ठीक. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "दूध किती पिते दिवसाला?" मी सांगितलं, चांगलं पिते, जेवणाचं नाव काढत नाही पण दुधाला कधी नाही म्हणत नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी ऐरोलीला नोकरीला जाते. लेक सकाळी पाळणाघरात, दुपारनंतर आजीजवळ आणि संध्याकाळी माझ्याजवळ. म्हणजे तीन जणी तिला भरवत होतो, आणि तिने ताट सरकवलं की तिघींच्या तोंडी एकच वाक्य यायचं: "असू दे, दूध तरी जाऊ दे पोटात."

त्या दुधानेच घात केला होता. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. त्यात दुधाने पोट भरलं की जेवणाची भूक मरते, आणि जे चार घास जातात त्यातलं लोह शोषून घ्यायलाही दुधातलं कॅल्शियम आडवं येतं. ही गोष्ट फक्त आमच्या घरची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्यात खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलंही आहेत.

पुढच्या वर्षभरात आम्ही लेकीच्या खाण्याची जी घडी बसवली, ती इथे क्रमाने सांगते. हे सगळं १ ते ३ वर्षांच्या, एरवी धडधाकट मुलांसाठी आहे. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल किंवा काही औषध चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

पायरी १: तीन दिवस फक्त लिहा

काहीही बदलायच्या आधी तीन दिवस वही ठेवा. एक दिवस सुट्टीचा असू द्या. मुलाच्या तोंडात जे जाईल ते वेळेसकट लिहायचं. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी दिलेला बिस्किटाचा तुकडासुद्धा. आमच्या वहीतला मंगळवार असा होता:

पावणेसातला दूध २०० मिली. साडेआठला पाळणाघरात जाताना २ बिस्किटं. दहाला दूध १५०. साडेबाराला वरणभाताचे ३ घास. बाराच्या पन्नासला, जेवली नाही म्हणून, दूध १५०. साडेतीनला उठल्यावर दूध २०० आणि ३ बिस्किटं. सहाला अर्धं केळं, मग खाली खेळताना कुणाच्या तरी पाकिटातले वेफर्स. आठला पोळीचा तुकडा. साडेनऊला झोपताना दूध २००.

बेरीज केली तर दूध ९०० मिली. आणि दिवसभरात सलग अडीच तासांहून जास्त वेळ पोट रिकामं राहिलं ते फक्त दुपारच्या झोपेत. "ही जेवतच नाही" म्हणून आम्ही हवालदिल होतो, पण तिला भूक लागायला आम्ही वेळच दिला नव्हता. वही लिहिल्याशिवाय हे दिसत नाही, कारण प्रत्येकीला आपण भरवलेलं तेवढंच आठवतं.

पायरी २: घड्याळ बसवा

या वयाचं पोट लहान असतं, त्यामुळे मोठ्यांसारखं दोन वेळचं जेवून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ३ ते ४ जेवणं आणि लागेल तसं १-२ वेळा मधलं खाणं सुचवते. तीन वर्षांपर्यंत हाच साचा चालतो. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास हवेत, आणि त्या वेळात फक्त पाणी.

आमच्या वेळा अशा बसल्या: साडेसातला न्याहारी, दहाला फळ, साडेबाराला जेवण, झोपून उठल्यावर चारला खाणं आणि एक कप दूध, साडेसातला रात्रीचं जेवण, साडेआठला दुसरा कप. मग दात घासायचे आणि झोप. तुमच्या घरच्या वेळा वेगळ्या असतील. पंधरावीस मिनिटं मागेपुढे झाल्याने बिघडत नाही, मधले तास मात्र मोकळे राहू द्या.

दूध दिवसाला ३५० ते ४०० मिली पुरतं. १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि या वयाची रोजची गरज ५०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. असे दोन छोटे कप (मिळून ४०० मिली) दूध आणि दोन चमचे दही झालं की कॅल्शियमची काळजी मिटली. आईचं दूध चालू असेल तर दोन वर्षं आणि त्यापुढेही खुशाल चालू ठेवा. तेही जेवणाच्या तोंडावर न देता जेवणानंतर द्या, आणि वरचं दूध त्या मानाने कमी करा. बाटली मात्र सुटायला हवी. बाटलीने दूध किती गेलं ते कळत नाही, आणि रात्री तोंडात बाटली ठेवून झोपलेल्या मुलांचे दात किडतात. आमची बाटली सुटायला नऊ दिवस लागले. त्यातले पहिले चार दिवस रडारडीचे होते. पाचव्या दिवशी साडेबाराला तिने स्वतःहून "भात" म्हटलं.

पायरी ३: किती, हे ठरवताना घाबरू नका

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, म्हणजे सहा-सात किलोंची भर पडते. दुसऱ्या अख्ख्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतात. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते. नेमकं याच वयात सगळी घरं म्हणतात, "आधी छान जेवायचा, आता तोंडच उघडत नाही." ते मूल बिघडलेलं नसतं, त्याची गरज बदललेली असते.

दिवसाला साधारण १००० ते ११०० कॅलरी आणि १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, एवढी या वयाची गरज. १२ ग्रॅम प्रथिनं म्हणजे किती ते बघा: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७ ग्रॅम. झालं की! अंडं खात नसाल तर ३० ग्रॅम डाळीत, म्हणजे मुठीएवढ्या कच्च्या डाळीत, ७ ग्रॅमच्या आसपास मिळतात. धडधाकट मुलाला प्रोटीन पावडरीची किंवा दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीची गरज नाही. त्या डब्यांमधली साखर किती आहे ते मागची बारीक अक्षरं वाचून बघा.

जेवणाच्या वेळी एकूण पाऊण ते एक कप, कप २५० मिलीचा. आपल्या घरातली आमटीची वाटी साधारण १५० मिलीची असते, म्हणजे साधारण सव्वा ते पावणेदोन वाटी. आम्ही तिच्यासाठी एकच वाटी ठरवली आणि तिघींनी तीच वापरली. वाढताना मात्र अर्धीच भरायची. संपली तर पुन्हा वाढायची. भरलेली वाटी बघून मूल आधीच मान फिरवतं.

पोट लहान असल्यामुळे थोडक्यात जास्त जाईल असं खाणं हवं, आणि इथे साजूक तूप कामाला येतं. लहान चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात. दोन वर्षांपर्यंत दूधही सायीसकट, साधं. साय काढलेलं किंवा पातळ केलेलं दूध या वयाला नको.

पायरी ४: एकच स्वयंपाक, पण फोडणीच्या आधी

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करणारी आई महिन्याभरात थकते, आणि मग बिस्किटाचा पुडा जवळचा वाटू लागतो. घरात जे शिजतं त्यातूनच मुलाचं काढायचं. फक्त कधी काढायचं ते ठरलेलं असावं.

आमच्या कुकरमध्ये सकाळी तीन भांडी लागतात. खाली तूर आणि मुगाची मिसळलेली डाळ, हळद-हिंग घालून. मधे तांदूळ. वरच्या झाकणीत लाल भोपळ्याच्या किंवा दुधीच्या जाड फोडी. कुकर उतरला की डाळ घोटायची आणि फोडणी टाकायच्या आत तिच्या वाटीत दोन डाव वरण काढून घ्यायचं. मग आमच्यासाठी मिरची, मीठ, गूळ, आमसूल. तिच्या वाटीत दोन चमचे भात, भोपळ्याची एक फोड, पळीच्या पाठीने दोनदा दाबलेली. एवढंच, मिक्सर नाही. वर तूप आणि लिंबाचे चार थेंब. भोपळ्याचा केशरी धागा वरणात अर्धवट मिसळलेला दिसतो, भाताची शितं वेगळी राहतात, आणि ती बोटाने ती शितं एकेक उचलते. शितं वेगळी राहायलाच हवीत. नऊ-दहा महिन्यांनंतरही सगळं मिक्सरमधून गुळगुळीत करून दिलं, तर मुलाला चावायची सवय लागत नाही. मग दोन वर्षांचं झालं तरी भाजीचा तुकडा तोंडात आला की उलटी काढतं.

असंच प्रत्येक भाजीचं. परतताना तिखट घालायच्या आधी चार फोडी बाजूला. पोळीच्या कणकेत किसलेलं गाजर किंवा बारीक चिरलेली मेथी. पिठलं तिच्यापुरतं बिनमिरचीचं, लसणीवर. जिरं, हिंग, हळद, धणेपूड, ओवा, लसूण, कोथिंबीर सगळं चालतं. मुलांचं जेवण बेचव असावं असा काही नियम नाही. मीठ मात्र जपून: सगळं धरून दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहून कमी. पापड, लोणचं, वेफर्स, फरसाण आणि पाकिटातल्या शेवया हे गणित एका घासात बिघडवतात.

साखर दोन वर्षांपर्यंत नकोच. गूळही त्यातच आला. गुळाचं आपल्याकडे फार कौतुक, पण मुलाच्या दातांना आणि जिभेला तो साखरेसारखाच. गोडवा हवा तर पिकलं केळं, चिकू किंवा खारकेची पूड घाला.

पायरी ५: लोहाचं गणित

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मुलाला दिवसाला साधारण ८ मिलिग्रॅम लोह लागतं. इवल्याशा पोटाच्या मानाने हा आकडा मोठा आहे.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत आमच्या घरीही होती. रिपोर्ट आल्यावर पहिले आठ दिवस आम्ही तिला बीटच भरवलं. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं. पालकात लोह आहे, पण त्यातलं अंगी लागणारं फार थोडं. दोन्ही भाज्या चांगल्या आहेत, जरूर द्या, पण लोहासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

मग कशावर? मांसाहारी घरांत उत्तर सोपं आहे. चिकन, मटण, मासे यांतलं लोह शरीर सहज शोषतं. चिकन शिजवून बोटांनी धागे काढायचे आणि भातात मिसळायचं. कोंबडीची कलेजी आठवड्यातून एकदा, दोन छोटे चमचे. त्याहून जास्त नको, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व खूप असतं. शाकाहारी घरांत मोड आलेले मूग-मटकी, मसूर, राजगिरा, हरभरा आणि तीळ हे रोज फिरते ठेवायचे. कडधान्यं भिजवून मोड आणले की लोह अडवून धरणारे घटक कमी होतात. आंबवलेल्या पिठाचंही तसंच, म्हणून इडली, आंबोळी, डोसा हे मुलांच्या ताटात असावेत.

आणि या शाकाहारी लोहाला क जीवनसत्त्वाची जोड लागते. वरणावर लिंबू, उसळीत टोमॅटो, जेवणानंतर बिया काढलेल्या मऊ पेरूच्या दोन फोडी किंवा चिमूटभर किसलेला आवळा. खर्च काहीच नाही, पण तेवढ्याने त्याच वाटीतलं जास्त लोह अंगी लागतं. उलट चहा. आजोबांच्या बशीतला घोटभर चहा कितीतरी घरांत लाडाने दिला जातो. चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं, शोषू देत नाही. आम्ही तो पूर्ण बंद केला. आजोबांना वाईट वाटलं, म्हणून आता त्यांच्या चहाच्या वेळी ती त्यांच्याच बशीतून ताक पिते.

नाचणीबद्दल एक सांगायचं आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे दूध कमी पिणाऱ्या मुलांना ती वरदान आहे. लोहासाठी मात्र नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळलेली बरी. महिन्याला अर्धा किलो पुरते.

पूर्ण शाकाहारी घरांनी ब१२ विसरू नये. ते डाळी-भाज्यांत नसतं, दूध-दही-पनीर-अंडं यांतच मिळतं. आणि हिमोग्लोबिन खरोखर कमी असेल तर नुसत्या जेवणाने ते भरून निघत नाही. आमच्या लेकीला वजनाप्रमाणे लोहाचे थेंब तीन महिन्यांहून जास्त चालले. थेंब दुधाबरोबर द्यायचे नाहीत, दिल्यावर पाणी पाजायचं म्हणजे दातांवर डाग राहत नाहीत, आणि शी काळी झाली तर घाबरायचं नाही. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप, एक वर्षावरच्या मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस आणि जंतनाशक औषध सरकारी आरोग्य केंद्रात व अंगणवाडीत मोफत मिळतं. इमारतीत राहणारी आपण मंडळी तिकडे फिरकत नाही. लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, नोंद करून घ्या.

पायरी ६: आठवडा मांडा

रोजचं ताट परिपूर्ण करायच्या मागे लागलात तर त्रास होईल. मूल एक दिवस नुसता भात खातं, दुसऱ्या दिवशी नुसती अंडी. आठवड्याचा मेळ बघा. रोज यांतले किमान पाच गट आले का, एवढं तपासायचं: धान्य, डाळी-कडधान्यं-दाणे, दूध-दही, अंडं, मांस-मासे, केशरी किंवा हिरवी पालेभाजी नि फळं, इतर भाज्या-फळं. आईचं दूध चालू असेल तर तोही एक गट.

माझी खरेदी शनिवारी संध्याकाळी जांभळी नाक्याला होते. तिथे एका फेरीत आठवड्याचं सगळं मिळतं आणि भावही बरा असतो. लाल भोपळ्याची एक कापलेली फाक, गाजरं, दुधी, माठाची एक जुडी, फरसबी, टोमॅटो, लिंबं. फळं दोनच, हंगामातली. पालेभाजी रविवार-सोमवारीच संपवायची. फोडभाज्या पुढे टिकतात. रविवारी सकाळी मूग भिजत घालायचे, दाण्याचा कूट करून ठेवायचा, मेतकुटाची बरणी भरायची.

न्याहारीला धान्य बदलतं ठेवते. सोमवारी नाचणीची आंबोळी आणि दही. मंगळवारी मुगाचं धिरडं. बुधवारी भाज्या घातलेला रव्याचा मऊ सांजा. गुरुवारी अंडं, मऊ परतलेलं, आणि पोळीचे तुकडे. शुक्रवारी भाजणीचं पातळ थालीपीठ, कमी तिखटाचं. शनिवारी पोहे, लिंबू पिळून, दाणे न घालता. रविवारी इडली. दुपारी वरणभात-भाजी किंवा उसळ-पोळी कुस्करून. चारचं खाणं सगळ्यात फसवं, कारण बिस्किटं इथेच शिरतात. त्या वेळेला रताळं उकडून, राजगिऱ्याची खीर, केळं आणि दाण्याचा कूट, मुगाचं कढण, पनीरचे मऊ तुकडे यांतलं एक. रात्री ज्वारीची भाकरी दुधात न भिजवता वरणात भिजवून, किंवा मुगाची खिचडी, किंवा मेतकूट-भात-तूप. दमून घरी आलेल्या दिवशी मेतकूट-भात आणि बाजूला टोमॅटोच्या फोडी हे पुरेसं जेवण आहे. त्याचं मनाला लावून घेऊ नका.

बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे मासे. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींना लहान मुलासाठी आहे म्हटलं की त्या स्वतः रावसाचा मधला तुकडा काढून देतात. काटे कमी आणि मोठे, चटकन हाताला लागतात. मासा वाफवून पांढऱ्या ताटलीत पसरायचा आणि दोन बोटांनी चाचपत काटा शोधायचा, दोनदा. पापलेट चांगलंच. मांदेली, बोंबील चवीला कितीही छान असले तरी बारीक काट्यांमुळे तीन वर्षांपर्यंत थांबा. मोरी, म्हणजे शार्क मासा, मुलांना देऊ नका, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बर्फातला जुना मासा घेण्यापेक्षा अंडी आणि चिकन बरं.

पायरी ७: भरवणाऱ्या सगळ्यांना एका धाग्यात आणा

ही पायरी चुकली की वरच्या सगळ्या फुकट. पाळणाघरात डबा देताना झाकणाला चिठ्ठी चिकटवते: "दहाला पपई. साडेबाराला डबा. नाही खाल्लं तर जबरदस्ती नको, दूध नको. चारला आजी देतील." पाळणाघरातल्या काकू पंधरा मुलं सांभाळतात, तोंडी सांगितलेलं लक्षात राहत नाही. डबा परत आला की किती उरलं ते बघून वहीत लिहायचं.

घरात सासूबाईंना पटवणं जास्त नाजूक होतं. त्या म्हणाल्या, "अगं, पोरीला उपाशी ठेवायचं का?" त्यांनी दोन मुलं वाढवलेली, त्यांचा जीव तुटत होता. मी वाद घातला नाही. पुढच्या तपासणीला, "आई, तुम्हीही चला," म्हणून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुधामुळे रक्त कमी झालं हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, आणि परतताना रिक्षात त्याच म्हणाल्या, "मुगाला मोड मी आणत जाईन." आता कडधान्यांचं खातं त्यांच्याकडे आहे.

पायरी ८: खात नाही तेव्हा

काय द्यायचं, केव्हा द्यायचं, कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, हे मुलाने. त्याच्या हिश्श्यात आपण हात घातला की जेवणाचं भांडण होतं.

वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, शांतपणे. "बघ, शेजारचा दादा कसा खातो" नको, "हे संपव, मग चॉकलेट" नको. मोबाइल लावून भरवलं तर घास जातात खरे, पण पोट भरल्याची खूण मुलाला कळेनाशी होते. आम्ही मोबाइल सोडवला तेव्हा पहिला आठवडा ती निम्मंच जेवली. तो आठवडा धीर धरावा लागतो. पुढच्या खाण्याची वेळ अडीच तासांवर असतेच, मूल उपाशी राहत नाही. चिऊचा घास, काऊचा घास खुशाल करा. त्यात मूल आपल्याकडे आणि घासाकडे बघत असतं.

नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणून यादीतून काढू नका. तो ओळखीचा व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. दुधी तिने पहिल्यांदा थुंकला, मग ताटाबाहेर ठेवला, मग बोटाने चेपला. मी दर खेपेला एकच फोड ठेवत राहिले, आवडत्या भाताच्या बाजूला, आणि काही बोलले नाही. नवव्या की दहाव्या वेळी तिने ती उचलून तोंडात टाकली. त्या क्षणी टाळ्या वाजवायचा मोह मी आवरला.

घशात अडकण्याचा धोका

हे पायऱ्यांत बसत नाही, पण वगळता येणार नाही. अख्खे शेंगदाणे, चणे-फुटाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न, चिक्की, बोरं आणि अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका. दाणे आणि सुकामेवा कूट करून द्या, द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करा, गाजर-सफरचंद किसून किंवा वाफवून द्या. खाताना मूल बसलेलंच हवं. पळत, आडवं पडून, रिक्षात हिंदकळत खाऊ नये. घास अडकला आणि मुलाला खोकता-रडता येईना, तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगायचं. हे वाचून येत नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

पाऊस, ऊन आणि आजारपण

ठाण्याच्या पावसात पालेभाजी चिखलाने भरलेली येते. तीन पाण्यांनी धुऊन, नीट शिजवूनच द्यायची, कच्ची कोशिंबीर बंद. पाणी उकळून. येऊर, शहापूरकडच्या बायका जूनमध्ये रानभाज्या घेऊन बसतात. त्यातली करटोली चालतील, शेवळं मुलांना नकोत, घसा खाजतो. उन्हाळ्यात भूक कमी होते तेव्हा दहीभात, ताक, कलिंगड यांवर भर द्या आणि पाणी पुन्हा पुन्हा विचारा. जुलाब झाले तर जलसंजीवनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक. जेवण बंद करायचं नाही. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त, तेव्हा मुलं खरंच मागून खातात.

डॉक्टरांकडे केव्हा

तीन महिन्यांत वजन हललं नसेल. तळवे आणि पापण्यांची आतली बाजू फिकट दिसत असेल. मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल. हे बरेचदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं आणि मारून किंवा रागावून सुटत नाही. दीड वर्षानंतरही गुठळीचा घास गिळता येत नसेल, किंवा जेमतेम चार-पाच पदार्थांपलीकडे काही चालत नसेल. ड जीवनसत्त्वाचे थेंब हवेत का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

जाताना वही बरोबर न्या. आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी वहीच उघडली. मंगळवारच्या पानावर साडेबाराला लिहिलं होतं: मसूर आमटी, भात, दुधी ३ फोडी, पेरू. वाटी संपली. पुन्हा मागितला. हिमोग्लोबिन ११.२ होतं.